बिल्डर नाही म्हणजे जबाबदारी नाही असं नसतं, स्वयंपुनर्विकासातल्या देखरेखीबद्दल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली आपल्या पेपरात स्वयंपुनर्विकासाच्या बातम्या बऱ्याच येतात, अमुक सोसायटीने बिल्डरशिवाय इमारत बांधली, सभासदांना इतका जादा कार्पेट एरिया मिळाला, कॉर्पसचा निधी इतका मिळाला, पूजेचा फोटो, चाव्या वाटपाचा फोटो. या बातम्या वाचून बरं वाटतं कारण आम्ही पण तेच केलंय. मुलुंडला आमची २२ सभासदांची जुनी सोसायटी, आता ३२ फ्लॅटची नवी इमारत आहे आणि आम्ही तिच्यात राहतो. पण चाव्या वाटल्यानंतर काय होतं ते कुणी लिहीत नाही आणि चाव्या वाटायच्या आधी साईटवर आपल्या बाजूने कोण उभं असायला पाहिजे हे तर कुणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी पाच वर्षं सोसायटीचा सचिव होतो, त्यामुळे खाली ज्या चुका लिहितोय त्यातल्या काहींवर सह्या माझ्याच आहेत.

आमची जुनी इमारत १९७४ ची. २०१७ मध्ये स्ट्रक्चरल ऑडिट झालं आणि इमारत सी-१ मध्ये गेली, म्हणजे रिकामी करून पाडायची. ३० वर्षांच्या वरच्या इमारतीचं ऑडिट दर ३ वर्षांनी करायचं असतं, आमचं ते पहिलंच होतं, आधीच्या कमिट्यांनी खर्च नको म्हणून टाळलं होतं. नंतर एक बिल्डर आला, दीड वर्ष मीटिंगा झाल्या आणि बाजार पडलाय म्हणून तो निघून गेला. त्याच सुमारास स्वयंपुनर्विकासाची चर्चा जोरात होती, १३ सप्टेंबर २०१९ ला सरकारचा जीआर पण आला, जादा एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकाम करायची मुभा, वगैरे सवलती आल्या, आणि आम्ही ठराव केला की आपणच बांधायचं. पीएमसी, म्हणजे प्रकल्प सांभाळणारी सल्लागार कंपनी, नेमली, तिच्याच शिफारशीने कॉन्ट्रॅक्टर ठरवला, बँकेचं कर्ज झालं, घरं रिकामी केली, मग लॉकडाऊन आला, काम थांबलं, परत सुरू झालं आणि २०२२ च्या दिवाळीत ओसी, म्हणजे राहायला जायचा महापालिकेचा दाखला, हातात आली. सगळ्यांच्या डोळ्यात पाणी होतं त्या दिवशी. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढलेली माणसं, आमच्यातले दोन म्हातारे सभासद तर नवी इमारत न बघताच गेले.

आता मूळ मुद्दा. बिल्डर असतो तेव्हा लोक त्याच्यावर संशय घेतात आणि त्या संशयापोटीच बरंच काही तपासलं जातं. वकील करार वाचतो, सहकार कायद्याच्या ७९ (अ) कलमाखालच्या ४ जुलै २०१९ च्या जीआरप्रमाणे प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी बिल्डरकडून घ्यायची असते, उपनिबंधकांचा माणूस सभेला बसतो. आपण स्वतः बांधायला घेतलं की हा संशय संपतो आणि त्याच्या जागी काहीच येत नाही, सगळ्यांना वाटतं आता आपलंच काम आहे, फसवणार कोण? आमच्याकडे असंच झालं. कॉन्ट्रॅक्टर म्हणजे बिल्डर नव्हे असं धरून आम्ही त्याच्याकडून गॅरंटी घेतलीच नाही, करार पीएमसीने आणलेल्या छापील नमुन्यावर केला आणि त्यातलं डिफेक्ट लायबिलिटीचं कलम, म्हणजे ताबा दिल्यावर कामातले दोष कॉन्ट्रॅक्टरने किती काळ दुरुस्त करून द्यायचे ते, कुणी मोठ्याने वाचलंसुद्धा नाही. १२ महिने लिहिलं होतं तिथे.

पहिला धक्का पाचव्या मजल्याच्या कॉलमवर बसला. आमच्या नशिबाने सभासदांत एक काका आहेत, पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, भाड्याचं घर साईटपासून लांब होतं तरी ते आठवड्यातून दोनदा येऊन फायली चाळायचे. एक दिवस त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, अरे या क्यूबचे आकडे बघितलेस का. काँक्रीट टाकताना त्याचे १५ सेंटीमीटरचे ठोकळे भरून ठेवतात, ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी लॅबमध्ये दाबून फोडतात, त्यावरून काँक्रीटची ताकद कळते. कॉलमला एम-३० काँक्रीट होतं, म्हणजे २८ दिवसांत ३० ची ताकद यायला पाहिजे, आणि ७ दिवसांत साधारण दोन तृतीयांश तरी. आमचा ७ दिवसांचा आकडा १५ होता. तो रिपोर्ट फाईलला लागून तीन आठवडे झाले होते, पीएमसीच्या साईट इंजिनियरची त्यावर सही होती, पण वाचला कुणी नव्हता. २८ दिवसांचा आला तो २२, आणि तोपर्यंत वर दोन स्लॅब टाकून झाले होते.

कारण शोधलं काकांनीच. रेडीमिक्सच्या, म्हणजे प्लान्टमधून तयार होऊन येणाऱ्या काँक्रीटच्या, गाडीबरोबर चलन येतं, त्यावर प्लान्टमध्ये गाडी भरल्याची वेळ असते. त्या दिवशीची एक गाडी सकाळी १०.४० ला भरली होती आणि साईटच्या रजिस्टरला काँक्रीट टाकल्याची वेळ दुपारी २.१५ लिहिली होती. रेडीमिक्सच्या आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे साधारणपणे २ तासांच्या आत गाडी रिकामी व्हायला पाहिजे. ट्रॅफिकमध्ये साडेतीन तास फिरलेला माल घट्ट झाला म्हणून ड्रमात पाणी सोडलं होतं, मुकादमाने ते नंतर कबूल केलं, त्याच्यावर मी राग धरत नाही, त्याला गाडी परत पाठवायचा अधिकारच नव्हता, परत पाठवली असती तर त्यालाच शिव्या बसल्या असत्या. तो अधिकार ज्याला होता तो आमचा पगारी माणूस, पीएमसीचा इंजिनियर, त्या दिवशी दुसऱ्या साईटवर होता. त्याच्याकडे चार साईट होत्या. हे आम्हाला माहीत नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

मग कॉलम न फोडता करायच्या हॅमर टेस्ट, अल्ट्रासॉनिक टेस्ट, त्या गाडीचा माल सहा कॉलममध्ये गेला होता त्यातले चार सुटले आणि दोन संशयात आले, त्यांचे कोअर, म्हणजे कॉलमला भोक पाडून काढलेले काँक्रीटचे गोल तुकडे, तपासायला काढले. आयएस ४५६ म्हणतं की कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के तरी पाहिजे आणि कुठलाही एक कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. आमची सरासरी ८५ च्या खाली गेली. स्ट्रक्चरल कन्सल्टंटने दोन्ही कॉलमना जॅकेटिंग सांगितलं, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नवीन सळया आणि नवीन काँक्रीट, चारही बाजूंनी चार-चार इंच. त्यातला एक कॉलम एका काकूंच्या स्वयंपाकघरात येतो. त्यांनी पंचेचाळीस वर्षं ९ बाय ७ च्या स्वयंपाकघरात काढली, नवीन घराचा नकाशा त्यांनी पिशवीत जपून ठेवला होता, फ्रीज कुठे, ओटा कुठे सगळं पेन्सिलने आखलेलं. फ्रीजची जागा कॉलमने खाल्ली. आज त्यांचा फ्रीज हॉलमध्ये आहे. त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत आणि ते मला जास्त लागतं.

टेस्टिंग आणि जॅकेटिंगचा खर्च ४ लाख ६० हजार झाला. कोण देणार यावर दोन महिने भांडण, कॉन्ट्रॅक्टर म्हणे रेडीमिक्सवाल्याचा दोष, रेडीमिक्सवाला म्हणे पाणी आमच्या माणसाने नाही टाकलं, पीएमसी म्हणे आमचं काम सल्ल्याचं. करारात याबद्दल एक ओळ नव्हती. काम थांबलं असतं तर भाडी चालू आणि बँकेचं व्याजही चालू, म्हणून शेवटी निम्मा खर्च आम्ही उचलला.

दुसरी गोष्ट पाण्याची आहे आणि ती अजून संपलेली नाही. संडास-बाथरूमचे खोलगट स्लॅब असतात त्यांचं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून ठेवायचं, दोन-तीन दिवस खाली छताला ओल येते का बघायचं आणि मगच भराव घालून टाईल लावायची, हे साधं काम आहे, याला इंजिनियर पण लागत नाही, जागेवर माणूस लागतो. आमच्या ३२ फ्लॅटमध्ये मिळून ६४ बाथरूम, त्यातल्या फक्त खालच्या तीन मजल्यांच्या टेस्टचे फोटो फाईलला आहेत. वरच्या मजल्यांचं काम शेवटच्या घाईत झालं, सगळ्यांना दिवाळीत घरात जायचं होतं आणि सगळ्यात जास्त घाई आम्हा कमिटीलाच होती, हे मी मान्य करतो. पुढच्या पावसाळ्यात तीन फ्लॅटमध्ये छताला डाग आले, कॉन्ट्रॅक्टरने माणसं पाठवून टाईलच्या फटीत केमिकल भरून दिलं, डाग गेले. नोव्हेंबर २०२३ ला त्याचे १२ महिने संपले. २०२४ च्या जुलैत अकरा फ्लॅटमध्ये गळती होती.

आता इथे कायदा येतो, आणि प्रत्येक सोसायटीने काम सुरू करायच्या आधी हा भाग वाचावा अशी माझी विनंती आहे. कर्ज फेडायला आम्ही १० फ्लॅट बाहेरच्यांना विकले. फ्लॅट विकायचे म्हटल्यावर महारेरात, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या हक्कासाठी असलेल्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदणी आली आणि रेरा कायद्याच्या भाषेत आमची सोसायटीच प्रमोटर, म्हणजे बांधून विकणारी, झाली. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १४ (३) सांगतं की ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष, कामाच्या दर्जातला दोष किंवा सोयीसुविधांमधला दोष निदर्शनास आणला तर प्रमोटरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता, दुरुस्त करून द्यायचा, नाही दिला तर भरपाई. बाहेरून घर घेतलेल्या एका ताईंनी या कलमाखाली पत्र पाठवलं, आम्हाला, सोसायटीला. सभेत ते वाचून दाखवल्यावर जुने सभासद चिडले, आपण काय बिल्डर आहोत का, त्या पण आता आपल्याच सभासद आहेत ना, त्यांनी पण वर्गणी काढावी. पण ताईंचं बरोबर होतं. त्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतलं होतं, विकणारे आम्ही होतो आणि कायद्याने त्यांना ५ वर्षं दिली आहेत. आम्हाला आमच्या कॉन्ट्रॅक्टरने १२ महिने दिले होते. मधली चार वर्षं आमच्या डोक्यावर.

वॉटरप्रूफिंग नव्याने करायचा खर्च ११ लाख आला. वकिलांचा सल्ला घेऊन ठरलं की नव्या दहा जणांकडून एक पैसा घ्यायचा नाही, जुन्या २२ सभासदांनी प्रत्येकी ५० हजार काढायचे. पेन्शनवर असलेली माणसं आहेत यात. एकाने बायकोची बांगडी मोडली हे मला नंतर कळलं. कॉन्ट्रॅक्टरचे ५ टक्के रिटेन्शनचे, म्हणजे बिलातून हमी म्हणून मागे ठेवलेले, पैसे हातात असते तर यातला बराचसा खर्च निघाला असता, पण ते आम्ही ओसी मिळाल्याच्या आनंदात पूर्ण सोडून दिले होते, शेवटच्या बिलाबरोबर, आणि त्या चेकवर माझी सही आहे.

इथे कुणी म्हणेल की गळती म्हणजे काही जीवावर बेतणारी गोष्ट नाही. लगेच नाही, हे खरं, पण पाणी सळईपर्यंत गेलं की गंज धरतो, सळई फुगते, काँक्रीट सुटतं, आमच्या जुन्या इमारतीचं नेमकं हेच झालं होतं. आणि नवी इमारत म्हणजे सुरक्षित इमारत असं पण नाही. महाडची तारीक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला पडली तेव्हा ती जेमतेम सात वर्षांची होती, १६ माणसं गेली, मग बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट आणि नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. गुरुग्रामला चिंटल्स पॅराडिसोत १० फेब्रुवारी २०२२ ला एका टॉवरमध्ये वरच्या मजल्यावरचा स्लॅब खालच्या मजल्यांना घेऊन आला, दोन बायका गेल्या, आणि नंतर आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्येच सळईला गंज आणणारं क्लोराईड निघालं. तिथे राहणारे लोक त्याआधी तक्रारी करत होते. या दोन्ही ठिकाणी कागद असणारच, सह्या पण असणार. सही आणि प्रत्यक्ष बघणं यात जे अंतर आहे त्याबद्दल मी लिहितोय.

आता आमच्या अनुभवावरून काय करायला पाहिजे होतं ते सांगतो. पीएमसी असतेच, ती परवानग्या, नकाशे, बिलं, बँक हे सगळं बघते आणि ते काम मोठं आहे. पण तिची फी बहुतेक ठिकाणी बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर असते आणि कॉन्ट्रॅक्टर पण तीच सुचवते, त्यामुळे काम थांबवा, तोडा, परत करा हे सांगणं तिला जड जातं, माणूस वाईट असायची गरजच नाही. म्हणून दर्जा बघायला एक वेगळा इंजिनियर पाहिजे, ज्याचा पीएमसीशी आणि कॉन्ट्रॅक्टरशी काही संबंध नाही, ज्याचा पगार सोसायटी देते, ठरलेला महिन्याचा, आणि जो फक्त एका साईटवर असतो. आमच्या हिशोबाने दोन वर्षं असा माणूस ठेवला असता तर साधारण १२ लाख गेले असते, तेव्हा सभेत हा विषय निघाला होता आणि पैसे वाचवायचे म्हणून आम्ही तो नाकारला. जॅकेटिंगचे निम्मे आणि वॉटरप्रूफिंगचे मिळून तेरा लाखांच्या वर तसेच गेले. त्याला लेखी अधिकार द्यायचा, गाडी परत पाठवायचा, आणि त्याच्या सहीशिवाय स्लॅब टाकायचा नाही, बाथरूमचा भराव घालायचा नाही, सळईला कव्हर ब्लॉक (सळई काँक्रीटच्या आत पुरेशी राहावी म्हणून लावायचे ठोकळे) लागलेत हे बघितल्याशिवाय सेंटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, बंद करायचं नाही. क्यूब कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने भरले तरी काही क्यूब सोसायटीने स्वतः वेगळ्या लॅबला पाठवायचे, खर्च अगदी किरकोळ आहे. ७ दिवसांचा रिपोर्ट त्याच दिवशी कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, म्हणजे एकजण तरी वाचेल.

करारात कॉन्ट्रॅक्टरची जबाबदारी ५ वर्षंच लिहायची, रेराने आपल्यावर जेवढी टाकली आहे तेवढीच, एक दिवस कमी नाही. रेट थोडा वाढेल, वाढू दे. रिटेन्शन ओसीला सोडायचं नाही, निदान दोन पावसाळे जाऊ द्यायचे, आणि त्यानंतरच्या काळासाठी बँक गॅरंटी घ्यायची. टेस्ट फेल झाली तर खर्च कुणाचा हे आधीच लिहायचं, नंतर कुणी पुढे येत नाही. आणि गळती झाली की केमिकल भरून डाग घालवून घ्यायचे नाहीत, आधी लेखी तक्रार, तारखेसकट फोटो, कारण शोधून मगच दुरुस्ती, कारण मुदत संपली की तोंडी सांगितलेलं काही उपयोगाचं राहत नाही. आमच्या पहिल्या पावसाळ्यातल्या तीन तक्रारी फोनवरच्या होत्या.

सरकारला आणि बँकांना पण सांगायचंय. स्वयंपुनर्विकासाला सवलती दिल्या, कर्ज योजना आल्या, चांगलं आहे, सामान्य माणसाला बिल्डरच्या दारात उभं राहावं लागत नाही. पण कर्जाचा हप्ता सोडताना काम किती झालं हे बघितलं जातं, कसं झालं हे कोण बघतं? आमच्या प्रत्येक हप्त्याला पीएमसीचाच दाखला लागला. हप्त्याबरोबर स्वतंत्र इंजिनियरचा दर्जाचा रिपोर्ट मागितला तर सोसायटीला असा माणूस नेमावाच लागेल, सभेत पैसे वाचवायचा मोह होणार नाही. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, कौन्सिल आहे, चुकला तर तक्रार कुठे करायची ते माहीत आहे. इंजिनियरसाठी असा केंद्रीय कायदा नाही, महापालिकेचं लायसन्स तेवढं असतं, आणि साईटवर रोज उभा असणारा पोरगा तर बऱ्याचदा कुठल्याच लायसन्समध्ये नसतो. त्याच्यावर ३२ कुटुंबांचं छप्पर अवलंबून असतं, याचा विचार व्हायला पाहिजे.

आमच्या शेजारच्या दोन सोसायट्यांनी गेल्या महिन्यात स्वयंपुनर्विकासाचा ठराव केलाय. त्यांचे सचिव माझ्याकडे आले होते, पहिला प्रश्न कार्पेट एरिया किती वाढला हाच होता. मी त्यांना आमचा करार दाखवला, डिफेक्ट लायबिलिटीच्या कलमावर बोट ठेवून, आणि क्यूबचा तो रिपोर्ट दाखवला. मग काकूंकडे घेऊन गेलो, त्यांनी चहा दिला आणि फ्रीज हॉलमध्ये का आहे ते त्यांनीच सांगितलं.

आपल्या वार्ताहराला या विषयावर लिहायचं असेल तर आमची सगळी फाईल, चलनं, क्यूब रिपोर्ट, ताईंचं पत्र, सभेचे ठराव, बघायला मिळेल, सभासदांनी तसा ठराव मागच्या वार्षिक सभेत केलाय. नावं छापू नयेत एवढीच अट आहे.

आपला नम्र,
एका गृहनिर्माण सोसायटीचा माजी सचिव,
मुलुंड पूर्व, मुंबई